वेळापत्रकाप्रमाणे साखर

४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी १२
दवाखान्यातून आत्ताच आलो. साखर जास्त निघाली. त्यांचं मशीन जुनं झालंय, कोणीतरी सांगायला हवं. ते असो, आज एक महत्त्वाची गोष्ट घडली. तपासणी झाल्यावर नर्सबाईंनी मला बसवून घेतलं आणि साखर सोडून भलतंच विचारायला लागल्या. झोप लागते का. जेवण कोणाबरोबर होतं. म्हटलं, रेडिओबरोबर. त्यावर त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या की साखरेचा त्रास नुसता रक्तात नसतो, मनातही जाऊन बसतो. म्हणून दवाखान्यानं 'फोनसोबती' अशी योजना काढलीय. दोन पेशंटांची जोडी लावायची आणि त्यांनी रोज दहा मिनिटं फोनवर बोलायचं. मला जमेल का.

मी काय ते लगेच ओळखलं. खचलेल्या लोकांना उभं करायला खंबीर माणूस लागतो, आणि तो काही रस्त्यावर पडलेला नसतो. हो म्हणालो. फॉर्मवर सही केली. चष्मा घरी राहिला होता, पण बस डेपोत चौतीस वर्षं टाइमकीपर म्हणून रजिस्टरवर सह्या केलेल्या माणसाला फॉर्म वाचत बसावा लागत नाही.

माझ्या वाट्याला एक बाई आल्यात. रोज संध्याकाळी पाच वाजता.

संकल्प: उद्यापासून बिस्किट बंद. रोज चाळीस मिनिटं चालणं. आधार देणाऱ्यानं आधी स्वतः नीट वागावं. (आजचा दिवस धरलेला नाही. पुडा आधीच फोडलेला होता.)

५ नोव्हेंबर, मंगळवार
४:५० पासून फोनसमोर. बोलायचे मुद्दे काढून ठेवले होते: शिस्त, धीर, सकारात्मक विचार. पाचला एक मिनिट कमी असताना नंबर लावायला घेतला, तेवढ्यात फोन वाजला. बाईंनीच केला. पाच म्हणजे पाच. वक्तशीरपणा मला आवडतो, पण पहिला फोन माझा व्हायला हवा होता.

बाई कापडगिरणीत होत्या, एकोणतीस वर्षं. कापडातले दोष शोधायचं काम. ट्यूबलाइटसमोरून कापड ओढत न्यायचं आणि सुटलेला धागा दिसला की खूण करायची. सोळा वर्षं झाली साखर लागून. मी शिस्तीवर येणार तोच त्यांनी विचारलं, आजची साखर किती. ११२ म्हणालो. तोंडातून आपसूक आलं. मग जेवलात का, झोपलात का, दिवसभरात कोणाशी बोललात. या शेवटच्या प्रश्नाला जरा वेळ लागला. दूधवाल्याशी, असं सांगितलं. दूधवाला खरं तर काल आला होता.

एकूण अकरा मिनिटं. बिचारीला घरी विचारणारं कोणी दिसत नाही, नाहीतर परक्या माणसाची एवढी चौकशी कोण करेल.

७ नोव्हेंबर, गुरुवार
तिसऱ्या दिवशीही फोन त्यांनीच केला. धीर धरवत नाही बाईंना. मी त्यांना ताणतणावावर सात मिनिटं समजावून सांगितलं. त्या मधूनमधून हं म्हणत होत्या. फार ऐकून घेतात. शेवटी साखर विचारली. १२४.

बिस्किटं चार. सात मिनिटं सलग बोलायचं म्हणजे अंगात काहीतरी लागतं.

चालणं: उद्या.

९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी
या वहीत लिहायला हरकत नाही, ती कोणी वाचत नाही. साखरेचे आकडे मी मशीनवर बघत नाही. मशीन स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात आहे, बायकोच्या लोकरीच्या गुंड्यांखाली. बॅटरी गेली असणार. भीती वगैरे काही नाही. ते खातं तिच्याकडे होतं, एवढंच. रोज सकाळी चहाच्या आधी ती माझं बोट धरायची आणि विचारायची, काल सगळ्यात उशिरा कोणती गाडी आली. मी सांगायला लागलो की तेवढ्यात सुई टोचून झालेली असायची. मी तिकडे कधी बघितलंसुद्धा नाही. साखरेची वहीही तीच लिहायची. तीन रकाने. तारीख, साखर, आणि तिसऱ्यात 'चिडला', 'गप्प', 'बरा' असलं काहीतरी. मी म्हणायचो, तिसऱ्या रकान्याला शास्त्रात जागा नाही. ती हसायची आणि त्या दिवशी 'चिडला' लिहायची.

ती गेल्याला बावीस महिने झाले. ती वहीही त्याच खणात.

तर आकडे आमच्या गाड्यांचे आहेत. ११२, ११८, १२४, १३६, १४१. स्टँडवरून याच क्रमानं सुटायच्या. पाठ आहेत, आणि साखर म्हणून शोभतातही. अनुभवी माणसाला आपली साखर आतूनच कळते. मशीन नवशिक्यांसाठी.

१० नोव्हेंबर, रविवार
सकाळी मुलीचा फोन. दर रविवारी असतो. मी एका एकट्या पडलेल्या पेशंटबाईंना मानसिक आधार देतोय, असं तिला सांगितलं. ती म्हणाली की बाबा, फार छान. साखर विचारली. ११२. मग काय काळजीच नाही, असं म्हणून तिनं फोन ठेवला. चार मिनिटं. आकडा चांगला असला की तिचा वेळ वाचतो. तिलाही दोन मुलं आहेत, नोकरी आहे.

संध्याकाळी बाई. चौदा मिनिटं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
आज बाईंनी पायांचा विषय काढला. रोज संध्याकाळी तळवे बघायचे, बोटांच्या मधेसुद्धा, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. मी म्हणालो, बघतो तर. घरातला एकमेव आरसा कपाटाच्या दारावर आहे आणि त्याला पाय दाखवायचा तर मला डोक्यावर उभं राहावं लागेल. बाई हे सगळं मला सांगतात, पण खरं तर स्वतःच्याच लक्षात राहावं म्हणून मोठ्यानं म्हणत असणार. मी ऐकून घेतो. तोही एक आधारच.

बिस्किटं: मोजली नाहीत. मोजत बसल्यानं ताण वाढतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार
वाद झाला. बाई गिरणीच्या नाक्यावरून बस पकडायच्या असं बोलण्यात आलं. तो आमच्याच डेपोचा रस्ता. मला फार आनंद झाला. पण बाई म्हणतात, एकोणतीस वर्षांत एक गाडी वेळेवर आली नाही. मी सांगितलं की रजिस्टर माझ्या हातचं आहे आणि त्यात सगळ्या गाड्या वेळेवर आहेत. त्यांनी विचारलं, गाडी वीस मिनिटं उशिरा आली तर मी काय लिहायचो. मी समजावून सांगितलं की वेळापत्रकातली वेळ लिहायची असते. खरी वेळ लिहिली की वरून विचारणा येते, ड्रायव्हरची चौकशी लागते, कंडक्टर तोंड फिरवतो. रजिस्टर स्वच्छ असलं की सगळे सुखी.

बाईंनी विचारलं, आणि स्टॉपवर उभी असलेली माणसं? त्यांना रजिस्टरमध्ये रकाना नव्हता.

साखर १३६ सांगून फोन ठेवला. उद्या करतात की नाही कोण जाणे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
बाईंनी ५:०० ला फोन केला. कालचं काही काढलं नाही. मीही मोठ्या मनानं काही काढलं नाही. आज दुपारपासून घड्याळ जरा मागे चालतंय असं वाटत होतं. बॅटरी बदलली. घड्याळ बरोबर होतं.

२० नोव्हेंबर, बुधवार
आज बाईच बोलल्या. मला मुद्दे काढावे लागले नाहीत. इन्सुलिन सुरू झालं त्या वर्षाचं सांगत होत्या. घरात सगळे त्यांच्या ताटाकडे बघायचे. कोणी रागावायचं नाही, नुसतं बघायचे. मग त्या न्हाणीघरात दार लावून साखर खायच्या, चमच्यानं, उभ्या उभ्या. कोणी तब्येत विचारली की मस्त म्हणायच्या. मस्त म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत, असं त्यांना तेव्हा कळलं. आणि कोणीतरी पुढे विचारावं असं तर त्यांना वाटत होतं.

मी म्हणालो, ११२.

बाई म्हणाल्या की त्यांनी साखर विचारली नव्हती.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
आजपासून चालणं सुरू! ड्यूटीचे जुने बूट काढले, पॉलिश केले आणि थेट डेपोपर्यंत गेलो. आमची केबिन बंद आहे. आत झाडू आणि बादल्या ठेवल्यात. गाडीची वेळ आता कॉम्प्युटर लिहितो म्हणे. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, कोणाला भेटायचंय. कोणालाच नाही म्हणालो आणि परत आलो. येऊन-जाऊन पन्नास मिनिटं. चाळीसचा संकल्प होता, म्हणजे दहा जास्तच.

घरी येऊन बूट काढला तर मोजा लाल. बुटात टोकाशी एक पितळी बटण होतं, युनिफॉर्मचं. हेच बटण बायको महिनाभर शोधत होती आणि मी हरवलं म्हणून बोलणी खात होतो. ते अंगठ्याखाली रुतून पार भोक पडलंय. पण दुखलं म्हणून नाही. पन्नास मिनिटं बटणावर चाललो आणि कळलंसुद्धा नाही. मनाचा कणखरपणा शरीरात उतरतो तो असा. बाईंना हे उदाहरण म्हणून सांगायला हवं. मात्र त्या पायांच्या बाबतीत घाबरट आहेत, म्हणून आज नको.

बटण धुऊन टेबलावर ठेवलं. दाखवायला कोणी नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार
अंगठा जरा सुजलाय. हळद लावून दोन मोजे घातले. बाईंनी पाय विचारले. एकदम फर्स्टक्लास, म्हणालो. त्या गप्प बसल्या. अलीकडे त्या फार गप्प बसतात. खचत चालल्यात की काय. उद्यापासून मुद्दे वाढवायला हवेत.

तहान फार लागते. हवेत बदल आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
आज जे झालं ते लिहावं की नको.

बाई म्हणाल्या की त्यांना काहीतरी वाचून दाखवायचंय. त्यांच्या वहीतून. ५ तारखेपासूनची माझी साखर. ११२, ११८, १२४, १३६, १४१, पुन्हा ११२, पुन्हा ११८. चोवीस दिवस. मी म्हणालो की नियमित आयुष्य असलं की साखरही नियमित राहते. त्यावर त्या म्हणाल्या की गिरणीच्या नाक्यावर त्या एकोणतीस वर्षं उभ्या होत्या. आधी ११२ यायची, मग ११८, आणि त्यांची १२४. तुमची साखर रोज माझ्या स्टॉपवरून जाते, म्हणाल्या. एक दिवस तरी उशिरा यायची, मग मी विश्वास ठेवला असता.

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो की आधार मी देतोय, माझी झडती घ्यायचं काम त्यांचं नाही, आणि त्यांनी तपासायला दुसरं कापड शोधावं. फोन ठेवून दिला.

बिस्किटांचा पुडा संपवला. रागानंच.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी दवाखान्यात फोन केला. नर्सबाईंना सांगितलं की माझी पेशंट बदलून द्या, ही फार अवघड आहे. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या की फॉर्मवर दोन रकाने होते. आधार देणारे आणि आधार हवा असलेले. मी कुठल्या रकान्यात आहे ते त्यांनी सांगितलं. बाई तीन जणांना रोज फोन करतात. चारला एक, पाचला मी, सहाला एक.

कारकुनी चूक असणार. असं होतं. रजिस्टर लिहिणाऱ्याचा हात घसरतो.

५:०० ला फोन वाजला. उचलला नाही. अकरा वेळा वाजला. मोजलं.

३० नोव्हेंबर, शनिवार
५:००. चौदा वेळा वाजला. हात फोनवर होता. उचलला नाही.

तीन जणांमधला मी एक. मला वाटलं होतं, पाच वाजता त्यांना कोणीतरी हवं असतं.

१ डिसेंबर, रविवार. सकाळी
मुलीचा फोन. १४१. तीन मिनिटं. ताप आहे थोडा. सांगितलं नाही.

त्याच दिवशी, रात्री ८
५:०० ला फोन वाजला नाही. ५:०४. ५:०९. म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. ५:१५ ला रडायला आलं. कशाला खोटं लिहू. या घरात दिवसातून एकदा कोणीतरी मला विचारत होतं आणि तेही मीच घालवलं.

५:३५ ला दाराची बेल. बाई दारात. जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला पिशवी, माझ्या खांद्यालाही लागत नाहीत एवढ्या. पत्ता नर्सबाईंनी दिला; सोबत्याला तो दिला तर चालेल का असं फॉर्मवर विचारलं होतं म्हणे, आणि मी हो वर खूण केली होती. पाचला पोचायचं होतं, बस उशिरा आली, म्हणाल्या. मी वाद घातला नाही.

बसा म्हणायच्या आत त्या माझ्या पायाकडे बघत होत्या. मोजा काढायला लावला. खुर्ची दिव्याखाली ओढली आणि पाय हातात धरून हळूहळू वळवला, कापड बघावं तसा. मला लाज वाटली. वासही येत होता. मग त्यांनी स्वतःची डावी चप्पल काढली. त्यांना दोन बोटं नाहीत. मस्त म्हणायचे त्या वर्षी गेली, एवढंच म्हणाल्या.

खणातून मशीन काढलं. बॅटरी खरंच गेली होती. त्यांच्या पिशवीत त्यांचं होतं. नवी सुई लावून माझ्या पुढे ठेवलं. मी बोट पुढे केलं तर म्हणाल्या, टोचायचं तुमचं तुम्ही, मी इथे बसलेय. दोनदा जमलं नाही. मग मी त्यांना बायकोचं सांगितलं. सगळंच सांगितलं, बोट धरायची ते, गाडीचं विचारायची ते, तिसरा रकाना. सांगून झाल्यावर मीच मोठ्यानं म्हणालो, आज सगळ्यात उशिरा कोणती गाडी आली. बाई म्हणाल्या, माझी, पस्तीस मिनिटं. तेवढ्यात टोचलं.

३४१.

या नंबरची गाडी आमच्या डेपोत नव्हती. कुठल्याच डेपोत नसेल.

२ डिसेंबर, सोमवार
बाई सकाळी पुन्हा आल्या आणि दवाखान्यात घेऊन गेल्या. जखम साफ केली. अंगठा राहील की जाईल ते दोन आठवड्यांनी सांगतील. डॉक्टरांनी विचारलं, दुखलं नाही? मी म्हणालो, अजिबात नाही. ते म्हणाले, तोच तर आजार आहे, पायाच्या नसा गेल्यात. माझा कणखरपणा तिथेच संपला.

इन्सुलिन सुरू. चालणं बंद. हा एक संकल्प मात्र आता पाळला जाईल.

८ डिसेंबर, रविवार
सकाळी मुलीचा फोन. साखर विचारली. २६३ म्हणालो. मग पाय सांगितला, ताप सांगितला, गाड्यांचे नंबर सांगितले. ती रडली, रागावली, परत रडली. एक्केचाळीस मिनिटं. शुक्रवारी येतेय. मी नको म्हणालो नाही.

नर्सबाईंना विचारलं होतं की मला आधार देणाऱ्यांच्या रकान्यात कधी घेणार. वर्षभर खरी वही दाखवा, मग बघू, म्हणाल्या. वर्ष म्हणजे काही फार नाही.

दुपारी बायकोची वही काढली. तिच्या अक्षरातली शेवटची ओळ: १२९, 'बरा'. त्या दिवशी दवाखान्यात तिला भरती करायचं होतं, तरी माझी साखर बघून गेली. त्याखाली आजची तारीख लिहिली. २६३ लिहिलं. तिसऱ्या रकान्याशी बराच वेळ अडलो. मग 'एकटा' असं लिहिलं. खोडलं नाही.

४:५० पासून फोनसमोर बसलोय. मुद्दे काढलेले नाहीत.

फोन ५:०७ ला आला. चारच्या पेशंटला आज जास्त वेळ लागला, म्हणाल्या. सात मिनिटं उशीर. तसंच लिहिलं.